बेनवीरला कोणी थांबत नाही

अल्सासचे फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलेच असणार. लाकडी चौकटींची तिरकी तिरकी घरं, एखादं गुलाबी, एखादं निळं, खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या, मधून वाहणारा छोटासा कालवा, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं की ही जागा खरी असेल यावर विश्वासच बसत नाही. जागा खरी आहे. फ्रान्सच्या पूर्व टोकाला एका बाजूला ऱ्हाइन नदी, दुसऱ्या बाजूला व्होजचे डोंगर आणि मधे हा चिंचोळा पट्टा. डोंगराच्या पायथ्यापायथ्याने मार्लेनहाइमपासून थानपर्यंत साधारण १७० किलोमीटरचा वाइन रूट जातो, १९५३ साली सुरू झालेला. बेनवीर हे त्याच रस्त्यावरचं एक गाव, त्याच्याकडे शेवटी येतेच. आम्ही राहतो जर्मनीत, कार्ल्सरूहला. तिथून गाडीने दीड-पावणेदोन तासांत कोल्मार, त्यामुळे भारतातून कोणीही आलं की त्यांना एक दिवस तिकडे फिरवून आणायचं हे आमच्याकडे ठरलेलंच असतं.

यावेळी आईबाबा आले होते. आणि तेही ऑक्टोबरात. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या लोकांना हे वाचूनच आश्चर्य वाटेल, कारण निफाड तालुक्यातला बागायतदार ऑक्टोबरात लग्नालासुद्धा धड जात नाही, ऐन गोडी छाटणीचे दिवस ते. भावाने सगळं अंगावर घेतलं म्हणून बाबा निघाले, पण निघाले म्हणजे शरीराने निघाले, कारण गाडीत बसल्यापासून फोन चालू. कोणत्या प्लॉटला छाटणी झाली, पेस्टिंग किती बायांनी केलं, ढग आहेत का, डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) कुठे दिसतेय का. आई मागच्या सीटवरून म्हणाली, अहो जरा बाहेर बघा, लेकीने पेट्रोल जाळून आणलंय. 

बाहेर बघितलं आणि मग मात्र फोन खिशात गेला. कोल्मारच्या आधी डोंगराच्या उतारावर एकदम द्राक्षच द्राक्ष सुरू होतात, आणि ऑक्टोबरात ती पानं पिवळी झालेली असतात, मधेच एखादा तांबडा पट्टा. मी म्हटलं बाबा कसं वाटतंय, तर म्हणाले, "पानं पिवळी पडलीत म्हणजे आता झोपणार वेल." आणि मग थोड्या वेळाने, "यांचं बरंय, यांची वेल झोपते तरी."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात आपणहून उठते, वर्षातून एकदाच छाटतात, शरदात माल काढतात, संपलं. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही (निफाडचा पारा दर डिसेंबरात पेपरात येतो हे मान्य, पण वेलीला झोपवायला तो पुरत नाही), म्हणून वेल बारा महिने जागीच. मग आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी, त्यातून काडी तयार करायची, आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यातून घड. छाटल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. म्हणजे ज्या दिवसांत अल्सासमध्ये माल घरात येत असतो त्याच दिवसांत निफाडला हंगाम सुरू होत असतो, आणि आपला माल निघतो जानेवारी ते एप्रिल. बाबा अर्धवट उभे अर्धवट वाकलेले, दुसऱ्याच्या मळ्याच्या कडेला, डबल वाकवून तारेला बांधलेली काडी निरखतायत, आणि मागे माझा नवरा गाडी चुकीच्या ठिकाणी उभी केली म्हणून बेचैन.

पाऊस हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि इथे मला खरंच बरं वाटलं कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते त्यांना लगेच कळणारं होतं. पश्चिमेकडून येणारे ढग व्होजच्या डोंगरावर अडतात, वर माथ्याला भरपूर पाऊस होतो, आणि पलीकडे पायथ्याशी कोल्मारला वर्षाला जेमतेम ५५०-६०० मिलिमीटर, फ्रान्समधल्या कोरड्या शहरांपैकी एक. "म्हणजे इगतपुरी आणि निफाड," बाबा म्हणाले. अगदी तेच. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत त्याचा पाव हिस्साही उरत नाही. दोन्हीकडे द्राक्षं पर्जन्यछायेतच आली, कारण द्राक्षाला पाणी लागतं पण पानावर पडलेलं पाणी चालत नाही.

कोल्मारमध्ये मी त्यांना आधी त्या फोटोवाल्या कालव्याकडे न नेता उंटरलिंडेन म्युझियममध्ये नेलं. तिथे इसेनहाइमचं ते प्रसिद्ध चित्र आहे, ग्र्युनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेलं, एका मठाच्या इस्पितळासाठी. क्रूसावरचा ख्रिस्त आहे, पण नेहमीचा देखणा नाही. अंगभर फोड, हिरवट कातडी, बोटं वेडीवाकडी ताणलेली. आईने एकदा बघितलं आणि बाकावर जाऊन बसली. त्या मठात ज्या रोग्यांवर उपचार व्हायचे त्यांचा रोग राय नावाच्या धान्यावर येणाऱ्या बुरशीतून व्हायचा, एर्गट. त्या पिठाची भाकरी खाल्ली की हातापायांची आग आग, रक्त पोचेना, बोटं सडून गळायची. त्या लोकांना या चित्रासमोर आणायचे, की बघा, देवालाही तुमच्यासारखंच झालंय. मी हे सगळं सांगत होते आणि बाबा मधेच म्हणाले, "अरगट ना? बाजरीवर येतो तो." बुरशीची जात वेगळी आहे, पण कूळ तेच. एवढ्या मोठ्या चित्राला त्यांनी पिकाच्या रोगापासून सुरुवात करून बघितलं, आणि मला वाटतं ज्यांच्यासाठी ते रंगवलं होतं तेही तसंच बघत असणार.

बाकी कोल्मार आम्ही भराभर उरकलं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बनवणारा बार्तोल्दी इथलाच, १८३४ चा जन्म. कालव्यापाशी फोटो काढले, इतके लोक होते की फोटोत आमच्यापेक्षा दुसऱ्यांचेच नातेवाईक जास्त आलेत.

कायझर्सबर्गला नदीवर १५१४ चा तटबंदीवाला दगडी पूल आहे, वर पडका किल्ला, आणि अल्बर्ट श्वाइट्झरचं जन्मघर. आफ्रिकेत लांबारेनेला इस्पितळ काढणारे, १९५२ चं शांततेचं नोबेल मिळालेले ते. त्यांचा जन्म १८७५ चा, म्हणजे जन्माने जर्मन, कारण १८७०-७१ च्या युद्धानंतर अल्सास जर्मनीकडे गेलेलं. मग १९१८ ला परत फ्रान्स, १९४० ला पुन्हा जर्मनी, १९४५ ला पुन्हा फ्रान्स. एखादी म्हातारी १८७० ला जन्मून १९४५ पर्यंत जगली असेल तर घराचा उंबरा न ओलांडता तिचं राष्ट्र चार वेळा बदललं. पहिल्या महायुद्धात श्वाइट्झर आफ्रिकेत फ्रेंचांच्या वसाहतीत होते आणि कागदावर जर्मन, म्हणून फ्रेंचांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. आईला हे फार लागलं. "ज्यांचे रोगी बरे करत होता त्यांनीच?" असं म्हणून ती त्या घराच्या दाराकडे बघत राहिली, आणि पूल वगैरे बाजूलाच राहिला.

दुसऱ्या युद्धात तर याहून वाईट. ऑगस्ट १९४२ पासून नाझींनी अल्सासच्या पोरांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केलं, अल्सास आणि शेजारचं मोझेल मिळून सुमारे एक लाख तीस हजार. बरेचसे रशियाच्या आघाडीवर. न गेलं तर घरच्यांना हद्दपार करायचे. त्यामुळे इथल्या गावागावांत जी युद्धस्मारकं आहेत त्यांच्यावर बऱ्याच ठिकाणी, बाकी फ्रान्ससारखं 'फ्रान्ससाठी मरण पावले' असं लिहिता आलेलं नाही. नावं आहेत, साल आहे, बस.

कायझर्सबर्गहून दोन-तीन किलोमीटरवर सिगोल्सहाइम. तिथल्या टेकडीवर, चारी बाजूंनी द्राक्षं आणि मधे सैनिकांची दफनभूमी, दीड हजारांहून जास्त कबरी. फ्रेंच पहिल्या सैन्याचे लोक, पण त्यातले खूप जण मोरोक्कोचे, अल्जीरियाचे. मुसलमान सैनिकांच्या कबरींचे दगड वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या दिशेला वळवलेले. डिसेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५, कोल्मारच्या भोवती जर्मन सैन्य अडकून पडलं होतं आणि या एका टेकडीसाठी दोन्हीकडून इतकं रक्त सांडलं की विचारू नका. कोल्मार सुटलं २ फेब्रुवारी १९४५ ला. टेकडीवरून समोर सगळं मैदान दिसतं, पलीकडे जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट. आम्ही ज्या देशातून सकाळी कोणी न अडवता गाडी चालवत आलो तोच.

खाली रिकवीर. आता हे गाव म्हणजे फोटोतलं अल्सास ते हेच. १२९१ चा दरवाजावरचा मनोरा, १३२४ पासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत जर्मनीतल्या व्युर्टेमबर्ग घराण्याच्या ताब्यात, सोळाव्या-सतराव्या शतकातली घरं जशीच्या तशी, दाराच्या चौकटींवर कोरलेली सालं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण दुपारी दोनला त्या मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ख्रिसमसच्या वस्तूंचं दुकान वर्षभर उघडं असतं, ऑक्टोबरात आत बर्फ आणि घंटा. करकोचे तर मगवर, टॉवेलवर, चावीच्या रिंगवर सगळीकडे. खरे करकोचे सत्तरच्या दशकात अल्सासमध्ये बोटांवर मोजण्याइतके उरले होते, पिंजऱ्यात वाढवून परत आणले, आता छपराछपरावर घरटी आहेत, पण ऑक्टोबरात बरेचसे गेलेले असतात दक्षिणेला. आम्ही टार्ट फ्लाम्बे खाल्लं, पापडासारख्या पातळ पोळीवर मलईसारखं क्रीम आणि कांदा, त्यात मांसाचे तुकडे नको असं सांगितलं तर वाढणाऱ्या मुलीने माझ्याकडे दयेने बघितलं. सोबत नवी वाइन, अजून पूर्ण न आंबलेली, गढूळ, गोडसर, ती फक्त याच दिवसांत मिळते. बाबा एक घोट घेऊन म्हणाले ज्यूसच आहे की, आणि मग दुसरा ग्लास मागवला.

गावाच्या वरच्या उताराला शोननबूर नावाचा मळा आहे, अल्सासमध्ये अशा ५१ जागांना ग्रां क्रू म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा दिलेला. तिकडे चढत गेलो आणि तिथे बाबांना धक्का बसला. काही ओळींत घड मुद्दाम ठेवलेले, सुरकुतलेले, त्यांच्यावर करडा केसाळ थर. बुरशी! "हे कोणी फवारलं नाही का?" त्यांचा आवाज असा की आत्ता पाठीवर पंप घेऊन उतरतील. मी सांगितलं की ही बॉट्रायटिस, काही वर्षी, सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं जमलं तर ती घडातलं पाणी कमी करते, साखर दाट होते, आणि मग एकेक मणी निवडून त्याची सगळ्यात महागडी गोड वाइन करतात, त्याचे कायद्याने नियम आहेत १९८४ पासून. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. आयुष्यभर बुरशीशी भांडलेल्या माणसाला असं काही ऐकवणं बरोबर नव्हतं बहुतेक. मग म्हणाले, "आपल्याकडं बुरशी लागली की व्यापारी गेट बंद करतो."

पानांवर मात्र निळसर डाग ओळखीचे होते. बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, शंभर लिटरला किलो-किलो, हे प्रमाण मला शाळेत पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ते नाव ज्या गावावरून आलं ते याच देशात पश्चिमेला आहे आणि तिथली गोष्ट अशी, की रस्त्याकडेच्या ओळीतली द्राक्षं येणारे-जाणारे तोडून न्यायचे, म्हणून शेतकरी पानांवर मोरचूद-चुना शिंपडायचे, विषारी दिसावं म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरच्या लक्षात आलं की बाकी बाग डावणीने गेली तरी या ओळी हिरव्या आहेत. १८८५ ला त्याने ते छापलं. डावणीसुद्धा अमेरिकेतून नुकतीच, १८७८ च्या सुमाराला आलेली. बाबा हे ऐकून एवढे खूश झाले की तिथूनच भावाला फोन. चोरांमुळे शोध लागला म्हणे बोर्डोचा! भावाने विचारलं ते सोडा, उद्या पेस्टिंगला लाइट नसेल तर काय करू. (आता युरोपात तांब्यावर मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर नाही, हे सांगितल्यावर बाबांनी मनात हिशेब केला आणि तो मला सांगितला नाही.)

उत्पन्नावरही मर्यादा. साध्या पांढऱ्या अल्सास वाइनला हेक्टरी ८० हेक्टोलिटर, म्हणजे ढोबळ मानाने एकरी चार-सव्वाचार टन माल. त्यापेक्षा जास्त काढलं तर ते नाव लावता येत नाही. आमच्याकडे खायच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन धरतात. "चार टनात घर चालतं?" चालतं, कारण बाटलीवर गावाचं आणि उताराचं नाव आहे. बाबांनीही कधीकाळी वाइनची द्राक्षं लावली होती. २००१ साली राज्य सरकारचं वाइन धोरण आलं, नाशिकच्या आसपास वायनऱ्या उभ्या राहिल्या, आमच्याही दोन एकरांचा एकीशी करार झाला, मग २००८-०९ ला मंदी आली, उचल थांबली, पेमेंट रखडलं, आणि एका मार्चात त्यांनी ती बाग मुळासकट काढून टाकली. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. त्या उतारावरही नाही बोलले.

परतीच्या वाटेवर बेनवीर लागतं, रिकवीरपासून चार-पाच किलोमीटर. मी आधी दर वेळी इथून गाडी सरळ काढलेली आहे, सगळेच काढतात, कारण बघण्यासारखं काही नाही. साधी, प्लॅस्टरची, १९५० च्या दशकातली घरं, रुंद रस्ता. चर्चसुद्धा नवं, एका अख्ख्या बाजूला रंगीत काचेची लांबलचक खिडकी. यावेळी आईला वॉशरूमला जायचं होतं म्हणून थांबलो. बाबांनी विचारलं, हे गाव वेगळं का? बाकीची जुनी आणि हे नवं?

कारण डिसेंबर १९४४ मध्ये हे गाव राहिलंच नाही. सिगोल्सहाइम, आमर्शवीर, बेनवीर, सगळी त्याच लढाईत जमीनदोस्त झाली. रिकवीर वाचलं. त्यात रिकवीरच्या लोकांचं काही कर्तृत्व नव्हतं, लढाईची रेघ थोडी इकडून गेली एवढंच. मळ्यांत सुरुंग, तळघरं फुटलेली, पिंपं नाहीत, आणि नवी वेल लावली तर तिसऱ्या वर्षाशिवाय माल नाही. मला आजवर वाटायचं की रिकवीर ऐतिहासिक आणि हे गाव आपलं मधलं, रस्त्यातलं. खरं तर रिकवीरमध्ये आपण इतिहास जिथे पोचला नाही ती जागा बघतो. जिथे तो पोचला ती जागा अशी दिसते, साधी, चौकोनी, सरकारी पैशातून पटकन बांधलेली.

बाबांना मात्र चर्च नाही, समोरची वायनरी बघायची होती. ती गावची सहकारी. एकेकट्याला तळघर परत बांधणं शक्यच नव्हतं म्हणून १९४६ ला गावाने मिळून एकच बांधलं. शेजारच्या सिगोल्सहाइमनेही तेच केलं. अल्सासला सहकार नवा नव्हता, रिबोव्हिलेची सोसायटी १८९५ ची आहे. सहकार म्हटलं की आमच्या घरात दोन सूर लागतात. द्राक्ष निर्यातीसाठी १९९१ ला महाग्रेप्स उभी राहिली त्या काळाबद्दल बाबा डोळे चमकवून बोलतात, आणि एका पतसंस्थेत अडकलेल्या पैशांबद्दल आई बोलते. दोघंही काउंटरपाशी उभे होते.

काउंटरवरच्या बाई साठीच्या, फ्रेंच बोलत होत्या, माझा उच्चार ऐकून सरळ जर्मनवर आल्या. त्यांच्याही घरची तीन हेक्टर बाग होती आणि माल इथेच यायचा. बाबांनी गेवुर्त्सट्रामिनर नावाची पांढरी वाइन चाखली, लिचीसारखा वास येतो तिला, पण ते चाखण्यात त्यांचं लक्ष नव्हतं, मला कोपराने ढोसत होते. विचार ना. काय विचारू? सभासद किती, सगळा माल द्यावाच लागतो की थोडा बाहेर विकता येतो, साखर कोण मोजतं, त्यावर भाव ठरतो का. मी एकेक विचारत गेले, बाई हसत हसत उत्तरं देत गेल्या, सगळा माल द्यावा लागतो, साखर आल्याआल्या मोजतात, सभासदासमोर. आई मधेच म्हणाली, सभासदासमोर ना, मग ठीक.

शेवटचा प्रश्न बाबांनी स्वतःच इंग्रजीत विचारला, मोठ्या आवाजात, पेमेंट? बाईंनी हाताने तुकडे करून दाखवले, हप्त्यांनी, थोडं हंगामानंतर, थोडं मधे, शेवटचा हप्ता बऱ्याच उशिरा. बाबा इतके हसले की दुकानातली माणसं वळून बघायला लागली, बाईपण हसायला लागल्या, आणि आईने पर्स उघडून दोन बाटल्या घ्यायला सांगितल्या, एक व्याह्यांसाठी आणि एक त्या डॉक्टरांसाठी, ज्यांच्याकडे बाबा गुडघ्यासाठी जातात आणि जे फी घेत नाहीत.